झोपलेल्या माणसाचं बीपी

साठीतले एक गृहस्थ आहेत असं समजा. राहायला नवीन पनवेलला, बीपीचा त्रास बारा वर्षांचा, पित्ताशयात खडे, आज दुर्बिणीतून ऑपरेशन. त्यांना टेबलवर झोपवलं, दंडाला पट्टा बांधला आणि मॉनिटरवर पहिला आकडा उमटला: १६० वर ९६. सकाळी वॉर्डात १४० वर ८६ होतं. थिएटरमधली थंडी, तोंडं झाकलेली माणसं आणि डोक्यावरचा भलामोठा दिवा यांनी वरचा आकडा वीसनं चढवला. मग शिरेतून पांढरंशुभ्र प्रोपोफॉल गेलं, डोळे मिटले, आणि दीडेक मिनिटात बीपी १०० वर ६०. पाठोपाठ स्नायू ढिले करणारं औषध. भूलतज्ज्ञानं तोंड उघडून लॅरिंगोस्कोपचं पातं जिभेच्या मुळापर्यंत नेलं, जीभ उचलली, स्वरयंत्राची फट दिसताच नळी आत सरकवली. पुढचा आकडा: २१० वर ११५, नाडी १२०. पाच मिनिटांनी वरचा आकडा पुन्हा १३० च्या आसपास.

हे आकडे कागदावर मांडले, तर सपाटीतून एकदम वर गेलेल्या कर्नाळा किल्ल्याच्या सुळक्यासारखी रेघ उमटेल. फरक इतकाच, की या सुळक्याच्या अलीकडे एक खड्डाही आहे. भूलतज्ज्ञाला हा खड्डा आणि हा सुळका, दोन्ही सपाट करायचे असतात, आणि एकासाठी दिलेलं औषध दुसऱ्याला वाढवतं. उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला भूल देण्यातली मुख्य अडचण हीच.

गृहस्थांना यातलं काहीच कळलेलं नसतं. ते गाढ झोपेत असतात, पुढे त्यांना नळी आठवणारही नाही. तरी त्यांचं शरीर मात्र कुणीतरी गळा दाबल्यासारखं वागलेलं असतं. जाणीव मेंदूच्या वरच्या भागाचं काम. रक्तदाब आणि नाडी सांभाळणारी केंद्रं खाली, मेंदूच्या देठात. वरचा मजला झोपला म्हणून खालचा झोपतोच असं नाही. जिभेचं मूळ, पडजिभेच्या मागचा घसा आणि स्वरयंत्राचा तोंडाकडचा भाग इथे मज्जातंतूंचं दाट जाळं आहे, कारण श्वासनलिकेत अन्नाचा कण गेला तर जीव जाऊ शकतो. या दारावर पहारा कडक असणं साहजिक आहे. तिथं धातूचं पातं टेकलं, ताण पडला, की नवव्या आणि दहाव्या मज्जातंतूवाटे संदेश देठात पोचतो. तिथून सिम्पथेटिक मज्जासंस्था जागी होते, रक्तात नॉरअ‍ॅड्रिनॅलिन आणि अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय धावू लागतं. पातं टेकल्यापासून पाच सेकंदांत ही प्रतिक्रिया सुरू होते, एक ते दोन मिनिटांत कळसाला पोचते आणि साधारण पाच मिनिटांत ओसरते. नळीबरोबरच जीभ उचलण्याचा जोरही त्रास देतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याकडे पुढे येऊ.

श्वासनलिकेत तोंडावाटे नळी घालून भूल देण्याचा पहिला प्रयोग ग्लासगोचे शल्यविशारद विल्यम मॅकइवन यांनी जुलै १८७८ मध्ये केला. रुग्णाच्या जिभेच्या मुळाशी गाठ होती. नळी बोटांच्या अंदाजानं, रुग्ण जागा असताना घातली आणि मग क्लोरोफॉर्म दिलं. बीपी मोजायची सोयच नव्हती, त्यामुळे त्या माणसाच्या धमन्यांत काय उलथापालथ झाली ते कुणाला कळायचं कारण नव्हतं. ही उलथापालथ रीतसर मोजून मांडली गेली ती १९५१ मध्ये, अमेरिकेतल्या किंग, ड्रिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखात. म्हणजे सत्तरहून अधिक वर्षं नळ्या पडत होत्या आणि सुळक्याची रेघ कुणी काढलेली नव्हती.

निरोगी तरुणाच्या बाबतीत ही दोन-चार मिनिटं सोसून जातात. बीपीच्या जुन्या रुग्णाचं तसं नसतं. वर्षानुवर्षं जास्त दाब सोसून त्याच्या बारीक धमन्यांच्या भिंतीतले स्नायू जाड झालेले असतात. भिंत जाड, आतली पोकळी अरुंद. त्यामुळे आवळण्याचा तोच हुकूम आला तरी वाट जास्त बंद होते आणि दाब जास्त चढतो. दाब वाढताच हृदयाला आवरा म्हणणारे मानेतल्या धमन्यांमधले संवेदकही इतक्या वर्षांत वरच्या पातळीला सरावलेले असतात. उलट भूल चढते तेव्हा याच आवळलेल्या वाहिन्या एकदम सैल पडतात, आणि या रुग्णांच्या नसांत रक्ताचं आकारमानही बहुधा थोडं कमीच असतं, म्हणून खड्डाही खोल पडतो.

सुळक्याची भीती कशाची? हृदयाच्या धमन्या आधीच चिंचोळ्या असतील तर १२० च्या नाडीला आणि २१० च्या दाबाला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, हृदयस्नायूची उपासमार होते. मेंदूत धमनीचा फुगा असेल तर तो फुटू शकतो. कमकुवत झालेला डावा कप्पा एवढ्या दाबाविरुद्ध रक्त ढकलू शकला नाही तर फुप्फुसात पाणी साचतं. गरोदरपणात बीपी वाढलेल्या बाईला सिझेरियनसाठी पूर्ण भूल द्यायची वेळ आली, तर मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती खरीखुरी असते. अशा वेळी शक्य असेल तिथे पाठीतून भूल देण्याकडे कल असतो त्याचं हेही एक कारण. खड्ड्याची भीतीही कमी नाही. बीपीच्या रुग्णाचा मेंदू आणि मूत्रपिंडं जास्त दाबावर जगायला शिकलेली असतात. दुसऱ्याला चालणारा ९० चा आकडा त्यांना उपाशी ठेवतो.

बीपीच्या रुग्णाला भूल देण्याच्या या प्रश्नाचा इतिहास मुंबईवरून जातो, आणि तो फारसा सांगितला जात नाही. केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरचा परिणाम मांडला. वैद्यांना ही मुळी जुनी. झोप न लागणाऱ्याला, वेड्यापिशा झालेल्याला ती दिली जाई. कलकत्त्यात सेन आणि बोस यांनी १९३१ मध्येच तिच्याबद्दल लिहिलं होतं, पण पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष तिच्याकडे वळलं ते वकिलांच्या लेखानं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं रेसर्पिन वेगळं काढलं, आणि रक्तदाबावर गोळी घेणं ही जगभर रूढ गोष्ट झाली. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. शांत करणारं औषध आणि बीपी उतरवणारं औषध एकच असू शकतं, ही गोष्ट इथे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आली. ती पुढे कामाला येणार होती.

पण भूलतज्ज्ञांना रेसर्पिननं आधी घाबरवलं. हे औषध मज्जातंतूंच्या टोकांमधला नॉरअ‍ॅड्रिनॅलिनचा साठाच रिकामा करतं. असा रुग्ण टेबलवर आला, भूल दिली, बीपी कोसळलं, आणि ते चढवायला दिलेल्या इफेड्रिननं काही केल्या काम केलं नाही, कारण इफेड्रिन ज्या साठ्यातून माल काढतं तो साठाच संपलेला. असे अनुभव १९५० च्या दशकात छापून आले आणि सल्ला निघाला: ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी बीपीची गोळी बंद. तो सल्ला पंधराएक वर्षं टिकला. मग १९७१ मध्ये ऑक्सफर्डचे प्रिस-रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीपीच्या रुग्णांना भूल देताना धमनीत सुई ठेवून सलग दाब मोजला. गोळ्या न घेतलेल्यांचा खड्डाही जास्त खोल आणि सुळकाही जास्त उंच. गोळ्या चालू ठेवलेल्यांची रेघ त्या मानानं शांत. सल्ला उलटा फिरला: गोळी बंद करू नका. आजही तोच पाया आहे. म्हणून नळीच्या वेळचं बीपी स्थिर ठेवणारी पहिली गोष्ट थिएटरमध्ये दिलीच जात नाही. ती रुग्णाच्या घरी, रोजच्या डबीतून घेतली जाते.

उरतं ते थिएटरमध्ये करायचं. इथे बऱ्याच रुग्णांचा, आणि काही नवशिक्या डॉक्टरांचाही, एक समज असतो, की गाढ झोपवलं की झालं. झोप आणि प्रतिक्षिप्त क्रिया दाबणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ऑपरेशनच्या आदल्या रात्री दिलेली अल्प्राझोलामची गोळी किंवा थिएटरमधलं मिडाझोलाम घबराट घालवतात, म्हणजे वॉर्डातून टेबलपर्यंत चढणारे ते वीस आकडे वाचवतात; पातं टेकल्यावर उठणारा सुळका ते फारसा दाबत नाहीत. प्रोपोफॉलचा डोस वाढवून तो दाबता येतो, पण आधीचा खड्डा दरीएवढा करून. केटामीन तर स्वतःच बीपी चढवतं. फेंटानिल हे अफूच्या कुळातलं औषध मेंदूच्या देठातच संदेश बोथट करतं. नळीच्या तीन ते पाच मिनिटं आधी दिलं तर उपयोगी, अगदी ऐनवेळी दिलं तर सुळका येऊन गेल्यावर त्याचा असर सुरू होतो आणि मग बीपी नको तेव्हा पडतं. लिग्नोकेन शिरेतून दीड मिलिग्रॅम दर किलोला, एस्मोलोल, मॅग्नेशियम, नायट्रोग्लिसरीन, प्रत्येकाचे भक्त आहेत. एस्मोलोलचा गुण असा, की त्याचं अर्ध-आयुष्य नऊ मिनिटांचं. सुळका पाच मिनिटांचा, औषधही थोडक्यात निघून जाणारं. जोडी जमते.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत या यादीत डेक्समेडेटोमिडिन वरती आलं. थिएटरमध्ये त्याला सगळे नुसतं डेक्स म्हणतात. त्याची आजी म्हणजे क्लोनिडीन, आणि तिच्या जन्माची कथा औषधशास्त्रातल्या गमतीदार कथांपैकी आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या बोरिंगर इंगेलहाइम कंपनीत चोंदलेलं नाक मोकळं करायला एक नवं रसायन बनवलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी सर्दी झालेल्या आपल्या सचिव बाईंच्या नाकात त्याचे थेंब घातले. बाई जवळजवळ चोवीस तास झोपल्या, बीपी उतरलं, नाडी मंदावली. सर्दीचं काय झालं ते राहू द्या. कंपनीनं ते १९६६ मध्ये रक्तदाबाचं औषध म्हणून बाजारात आणलं. त्याच सुमारास बीपीसाठी बनवलेलं झायलाझिन हे भाऊबंद औषध माणसांना जमलं नाही, पण गुरांच्या डॉक्टरांच्या बॅगेत जाऊन बसलं. आजही बैलाला शांत करायचं असलं की ते निघतं. मेडेटोमिडिनही पशुवैद्यकातच वापरात आलं, फिनलंडमध्ये. त्याच्या डाव्या-उजव्या रेणूंच्या जोडीतला उजवा वेगळा काढून माणसांसाठी औषध तयार झालं, ते हे डेक्स. अमेरिकेत त्याला अतिदक्षता विभागातल्या वापरासाठी डिसेंबर १९९९ मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे ते त्यानंतर दहाएक वर्षांनी रुळलं.

हे औषध मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियस नावाच्या इवल्याशा केंद्रावर काम करतं. शरीराला जागं आणि सावध ठेवणारं नॉरअ‍ॅड्रिनॅलिन मेंदूत मुख्यतः तिथून पसरतं. त्या पेशींवर अल्फा-२ नावाची ग्राहकं असतात. ती चेतवली की पेशी आपला पुरवठा स्वतःच आखडता घेतात. डेक्स ही ग्राहकं चेतवतं, आणि तीही निवडून: अल्फा-१ च्या तुलनेत अल्फा-२ कडे त्याची ओढ १६२० पट, क्लोनिडीनची २२० पट. परिणामी झोप येते ती नैसर्गिक झोपेच्या जवळची. हाक मारली की रुग्ण डोळे उघडतो, "बरं वाटतंय का" विचारलं तर मान हलवतो, आणि पुन्हा झोपतो. श्वास फारसा दबत नाही. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे सिम्पथेटिक संस्था आधीच शांत केलेली असते. पातं टेकतं तेव्हा हाक जाते, पण उत्तर देणारे निम्मे झोपलेले असतात.

प्रत्यक्षात हे कसं चालतं? दोन मिलिलिटरच्या कुपीत २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्यात ४८ मिलिलिटर सलाईन घालून पन्नासची सिरिंज भरली, की दर मिलिलिटरला ४ मायक्रोग्रॅम. आपल्या गृहस्थांचं वजन ७० किलो धरलं आणि किलोला एक मायक्रोग्रॅम द्यायचं ठरवलं, तर साडेसतरा मिलिलिटर झाले. ते दहा मिनिटांत द्यायचे, म्हणून सिरिंज पंपावर १०५ मिलिलिटर तासाला असा वेग लावायचा. वय जास्त किंवा हृदय नाजूक असेल तर डोस निम्म्यावर आणायचा. ही दहा मिनिटं कुणालाच आवडत नाहीत. सर्जन हात धुऊन तयार, पुढची केस बाहेर स्ट्रेचरवर, आणि इकडे पंप संथ चालू. पण घाई केली तर औषध उलटं वागतं: झटक्यात दिलेलं डेक्स आधी रक्तवाहिन्यांवरच्या ग्राहकांना धरतं, त्या आवळतात आणि बीपी चढतं, नाडी मात्र खाली जाते. ज्यासाठी द्यायचं त्याच्या नेमकं विरुद्ध. शिवाय डेक्स दिलं की प्रोपोफॉल कमी लागतं. नेहमीचाच डोस सवयीनं दिला तर खड्डा खोल पडतो, आणि नाडी चाळीसवर आली तर अ‍ॅट्रोपिन शोधायची धावपळ होते. ते आधी भरून ठेवणारा भूलतज्ज्ञ शहाणा.

नळीच्या वेळचं बीपी आवरण्यात डेक्सचा उपयोग होतो याचे पुरावे भरपूर आहेत. भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमडीच्या प्रबंधासाठी हा आवडता विषय आहे: पन्नास-शंभर रुग्ण, दोन गट, एकाला डेक्स, दुसऱ्याला फेंटानिल किंवा सलाईन, आणि दर मिनिटाचं बीपी. निष्कर्ष बहुधा एकाच दिशेनं जातो. मला यात एक खोट दिसते. यातले बरेच अभ्यास निरोगी किंवा बेताचा आजार असलेल्या, तरुण माणसांवर झालेले असतात, आणि मोजलेला असतो तो मॉनिटरवरचा आकडा. पण रुग्णाला आकडा नको असतो, त्याला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नको असतो. मोठ्या चाचण्यांनी या बाबतीत दोनदा कान टोचले आहेत. २००८ मध्ये २३ देशांतल्या आठ हजारांहून अधिक रुग्णांवरच्या पॉईझ चाचणीत ऑपरेशनच्या दिवशीच मेटोप्रोलोल सुरू केलं, तर हृदयाचे झटके कमी झाले, पण पक्षाघात आणि मृत्यू वाढले. २०१४ मध्ये दहा हजार रुग्णांच्या दुसऱ्या पॉईझमध्ये आजी क्लोनिडीन दिली. झटके कमी झालेच नाहीत, बीपी पडण्याचे प्रकार मात्र वाढले. ही औषधं काही मिनिटांच्या सुळक्यासाठी नव्हे, ऑपरेशनभर आणि नंतरही दिलेली होती, त्यामुळे हे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. पण बीपी खाली आणलं म्हणजे रुग्ण वाचवला असं समीकरण मांडणाऱ्यानं ते वाचायलाच हवेत. माझं मत सांगायचं तर, डेक्स चांगलं औषध आहे, पण सगळ्यांना सरसकट द्यायचं औषध नाही. नाडी आधीच पन्नासवर असणारा, हृदयातल्या विद्युतवहनात अडथळा असणारा, रक्तस्रावानं किंवा जुलाबानं कोरडा पडलेला रुग्ण यांच्याबाबतीत हात आखडता घेतलेला बरा.

काही ठिकाणी मात्र त्याला तोड नाही. पनवेल महापालिकेच्या हद्दीतच, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संस्था आहे, आणि या भागात तोंडाचा कर्करोग काय असतो हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली २०१२ मध्ये. टपऱ्यांवर पुड्या अजून मिळतात. गुटखा-सुपारीनं गालांच्या आतली कातडी चामड्यासारखी ताठ होते आणि तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही. पातं आत जाणार कसं? अशा रुग्णाला पूर्ण भूल देऊन श्वास थांबवणं म्हणजे परतीचा रस्ता तोडणं. म्हणून त्याला जागं ठेवून, नाक आणि घसा लिग्नोकेननं बधिर करून, लवचिक दुर्बिणीवरून नाकावाटे नळी घालतात. आणि असा रुग्ण बऱ्याचदा पन्नाशी ओलांडलेला आणि बीपीचा असतो. जागेपणी नाकातून नळी जाताना त्याचं बीपी काय होत असेल त्याची कल्पना करा. इथे डेक्सचे गुण जुळून येतात: शांत, पण हाकेला ओ देणारा; श्वास स्वतःचा; तोंडाला कोरड, म्हणजे दुर्बिणीसमोर लाळ कमी; आणि बीपी आटोक्यात. मॅकइवनच्या रुग्णाला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

याच्या अगदी उलट प्रसंग पनवेलला रोजचे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीशी सुरू होतो, गोव्याचा महामार्ग पनवेलमधून निघतो. अपघातात डोक्याला मार लागलेला माणूस अपघात विभागात येतो तेव्हा पंपावर दहा मिनिटं थांबायला वेळ नसतो. पोट भरलेलं, उलटी फुप्फुसात जायची भीती. तिथे फेंटानिल, बेताच्या डोसात भूल आणि झटपट नळी. आणि सुजलेल्या मेंदूला सुळका जितका घातक, तितकाच खड्डाही. म्हणून बीपी फार उतरवायचंही नाही.

औषधांच्या या गर्दीत हाताची गोष्ट मागे पडते. अमेरिकेतल्या स्टोएल्टिंग यांनी १९७७ मध्ये दाखवलं, की पातं घशात पंधरा सेकंदांपेक्षा कमी राहिलं तर बीपीची चढण बरीच कमी असते. जीभ जितका वेळ आणि जितक्या जोरानं उचलाल, तितका सुळका उंच. म्हणजे अनुभवी हात हे सर्वांत स्वस्त औषध. उशी नीट, मान नीट, स्नायू पुरते ढिले होईपर्यंत धीर, आणि पहिल्या फटक्यात नळी. व्हिडिओ लॅरिंगोस्कोपनं जोर कमी लागतो. लहान ऑपरेशनला स्वरयंत्रावर बसणारा मास्क पुरत असेल तर पातं लागतच नाही. हा मास्क लंडनमध्ये आर्ची ब्रेन यांनी १९८१ मध्ये बनवला. आणि हर्निया, गुडघा, मूळव्याध असेल तर पाठीतलं इंजेक्शन घेऊन नळीचा प्रश्नच मिटवता येतो. एक गोष्ट विसरली जाते: नळी काढतानाही असाच एक सुळका येतो, आणि त्या वेळी सर्जन हातमोजे काढून निघून गेलेले असतात.

आता रुग्णाकडे येऊ, कारण अर्धी लढाई तिथे आहे. ऑपरेशनच्या सकाळी कुठल्याही रुग्णालयात होणारं हे संभाषण:

"मावशी, बीपीची गोळी घेतली का सकाळी?"

"नाही हो डॉक्टर. रात्री बारापासून काही खायचं नाही म्हणाले ना. पाणीसुद्धा नको म्हणाले."

मावशींची चूक नाही. त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. जेवण सहा-आठ तास आधी बंद, पण साधं पाणी ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, आणि गोळीपुरत्या घोटभर पाण्यानं काहीच बिघडत नाही. अ‍ॅम्लोडिपिन, मेटोप्रोलोल, अ‍ॅटेनोलोल या गोळ्या त्या सकाळीही घ्यायच्या असतात. मेटोप्रोलोल किंवा क्लोनिडीनसारखी गोळी एकदम बंद केली तर बीपी उसळी मारतं. याला अपवाद टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या जातीचा: त्यांच्यामुळे भुलीनंतर बीपी हट्टानं खाली राहतं, म्हणून बरेच भूलतज्ज्ञ त्या चोवीस तास आधी थांबवायला सांगतात. लघवीच्या गोळीचंही तसंच विचारून घ्यावं. आता गंमत अशी, की आपल्याकडे एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन, किंवा टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलोल असतं. कुठली घ्यायची आणि कुठली सोडायची? हा निर्णय रुग्णानं घ्यायचा नाही, केमिस्टनंही नाही.

दुसरी अडचण सर्पगंधेची. पनवेलला आयुर्वेदाची जुनी परंपरा आहे. धूतपापेश्वरचा कारखाना इथे १८७२ पासूनचा. झोपेसाठी किंवा बीपीसाठी सर्पगंधेची गोळी घेणारी माणसं इथे असतात, आणि "कुठली औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला ती "काही नाही" म्हणतात, कारण ते औषध नाही, आयुर्वेदिक आहे असं त्यांच्या मनात असतं. सर्पगंधेत रेसर्पिन आहे. १९५० च्या दशकात ज्यानं भूलतज्ज्ञांना घाम फोडला तेच. वैद्यांनी दिलं म्हणून ते वाईट नाही. सांगितलं नाही तर धोक्याचं आहे.

तिसरी गोष्ट "फिटनेस" नावाच्या कागदाची. ऑपरेशन ठरलं की फिजिशियनकडून फिटनेस आणायचा. आदल्या दिवशी बीपी १७० निघालं की घरचे घाबरतात, ओळखीचा डॉक्टर जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडतो, अर्ध्या तासात १३० येतं, कागदावर सही होते. हा आकडा कुणाच्याही कामाचा नसतो. झटक्यात पाडलेलं बीपी म्हणजे आवरलेलं बीपी नव्हे, आणि त्या पडझडीतच पक्षाघात झाल्याची उदाहरणं वैद्यकीय वाङ्मयात आहेत. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या आणि रक्तदाबतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१६ मध्ये एकत्र बसून ठरवलं, की बीपी १८० वर ११० च्या खाली असेल तर तातडीचं नसलेलं ऑपरेशन निव्वळ बीपीसाठी पुढे ढकलू नये. त्याच्या वर असेल तर काही आठवडे गोळ्या नीट घेऊन यावं. १६५ साठी घाबरण्याचं कारण नाही, १९५ दाबून १४० दाखवण्यात अर्थ नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि बायकांपैकी २१ टक्के जणांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं. म्हणजे उद्या ऑपरेशन टेबलवर झोपणाऱ्या चार-पाच जणांत एक तरी बीपीचा, आणि त्यातल्या कित्येकांना ते माहीतही नाही. तेव्हा तुमच्या घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनइतकीच भूलतज्ज्ञाची भेट मागून घ्या, आणि तीही टेबलवर नव्हे, निदान एक दिवस आधी. जाताना चालू औषधांची पाकिटं न्या, नावं तोंडपाठ सांगू नका. वैद्यांच्या गोळ्या आणि झोपेची गोळीही न्या. गेल्या दोन-तीन महिन्यांतलं घरचं बीपी लिहिलेलं असेल तर तो कागद न्या. तंबाखू, दारू किती ते खरं सांगा. आणि ऑपरेशनच्या सकाळी कुठली गोळी घ्यायची, कुठली नाही, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.